गोळीआजोबांची कवळी

चाळीस वर्षं साखरेच्या पाकाशी संसार केलेल्या माणसाच्या पदरात दुसरं काय पडणार? गोळीआजोबांच्या पदरात तोंडभर कवळी पडली. गोळ्यांच्या कारखान्यात पाक उकळायचं काम त्यांचं. पाकाची तार इतर लोक बोटांवर बघत, आजोबा जिभेवर बघत. त्यांनी चाखलेला घाणा कधी फसला नाही. दात मात्र एकेक करून रजा घेत गेले. निवृत्त झाले तेव्हा तोंडात स्वतःची म्हणावी अशी फक्त जीभ उरली होती, आणि ती बत्तीस जणांचं काम एकटी करत होती.

पण बोलायचं कोणाशी? आजी गेल्यापासून घर सकाळी नऊलाच रिकामं व्हायचं. मुलगा कामावर, सून लहान मुलांच्या कुटुंब केंद्रात. मागे राहायचे आजोबा आणि भिंतीवरचं घड्याळ. शेवटी सूनच म्हणाली, "बाबा, चला माझ्याबरोबर. मी पोरांचं खाणं बघते, तुम्ही त्यांना दात घासायला शिकवा."

"मी? दात?" आजोबा इतके हसले की कवळीला हात लावावा लागला. "अगं सूनबाई, माझ्या तोंडाकडे बघून तरी बोल!"

"बघूनच बोलतेय. काय करू नये, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

केंद्र म्हणजे एक लांबलचक, उजेडाची खोली. गुडघ्याएवढ्या उंचीची बेसिनं, शेजारी वीस पेले, प्रत्येक पेल्यात इवलासा ब्रश. तीन-चार वर्षांची वीस मुलं, आणि बाकावर त्यांच्या आया, मांडीवर तान्ही बाळं. आजोबांनी पहिला धडा सुरू केला. "वर-खाली, वर-खाली, मग गोल गोल." पोरं जांभया देऊ लागली. एकाने शेजारणीच्या ब्रशवरची पेस्ट चाटून टाकली.

"आ करा! असा, मोठ्ठा!" म्हणून आजोबांनी जबडा उघडला, आणि कवळी सटकून थेट तळहातावर आली.

पोरांच्या जांभया अर्ध्यावरच थांबल्या. मग वीस पोरं एकदम किंचाळली, भीतीने नव्हे, आनंदाने. "परत! परत!"

उभ्या जन्मात आजोबांसाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. त्यांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी कवळी परत काढली, हातात धरून खडखड वाजवली, तिच्याकडून सूनबाईला हाक मारवली. दुसऱ्या दिवशी पोरं दाराशीच वाट बघत उभी होती.

आठवडा असा उडाला. मग सोमवारी बाकावरच्या आया उठून उभ्या राहिल्या.

"आजोबा, आमचा दिवटा ब्रश तोंडात घेईना झालाय," एकीने तोंड उघडलं. "म्हणतो, घासले की दात टिकतात. मग आजोबांसारखे काढता कसे येणार?"

"आमची तर रोज दात हलवून बघते," दुसरी म्हणाली. "निघेना म्हणून रडते!"

केंद्र चालवणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "शुक्रवारी दातांच्या डॉक्टर तपासायला येणार आहेत. तोवर हे निस्तरा, आजोबा. नाहीतर शनिवारपासून तुम्ही घरी आराम करा."

आराम! आजोबांना घड्याळाची टिकटिक आत्ताच ऐकू यायला लागली.

मंगळवारी त्यांनी समजावलं, बुधवारी डोळे वटारले. पोरं म्हणाली, "परत काढा!" गुरुवारी ते परातभर गाजरं घेऊन आले. "शर्यत! ज्याचा आवाज मोठा, तो जिंकला." आणि आधी आपणच एक जाडजूड गाजर कचकन चावलं.

गाजर बाहेर आलं, कवळीसकट.

"गाजराला दात आले!" पोरं जमिनीवर लोळली. आया पदर तोंडात कोंबून हसल्या. सूनबाई हसू आवरेना म्हणून स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकली. आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. मोडायला निघालेला खेळ आणखीच रंगला होता.

तेवढ्यात चिमणी पुढे आली. वर्गातली सगळ्यांत लहान. तिने कवळी सोडवून बाजूला ठेवली आणि गाजराचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. "आता खा."

आजोबांनी तुकडा या गालातून त्या गालात नेला, हिरड्यांनी दाबला, पुन्हा फिरवला. पोरं टक लावून बघत राहिली. अखेर तो जसाच्या तसा हातावर आला.

"नाही गं येत," आजोबा म्हणाले. हे त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. "घासायचा कंटाळा केला मी. गेले ते गेले."

चिमणीने विचार केला. मग स्वतःचं गाजर घेतलं. कटकन! "मला येतं!"

"मला पण! माझा आवाज ऐक!" कटकट, कुडुमकुडुम, खोलीभर ससेच ससे! आणि मग बेसिनांवर अशी झुंबड उडाली की ब्रश कोणाचा, तोंड कोणाचं, पत्ता लागेना.

शुक्रवारी डॉक्टरबाई आल्या. एकेक पोर आत जात होतं. आजोबा दाराबाहेर, पुन्हापुन्हा कवळी चाचपत उभे. आतून मधूनच डॉक्टरबाईंचं "आई गं!" ऐकू यायचं. विसाव्या "आई गं!" नंतर त्या बोट चोळत बाहेर आल्या.

"दात लख्ख आहेत," त्या म्हणाल्या. "पण किती मजबूत आहेत, ते प्रत्येकाने मला चावून दाखवलं."

केंद्राच्या बाईंनी हसू दाबत आजोबांकडे पाहिलं. "सोमवारी लवकर या. आता काय काय चावायचं नाही, ते शिकवा."