गंगासागरच्या व्हॅनमधला मृदंग

केजच्या गंगासागरला चाळिशी उलटल्यावर स्टिअरिंग हाती घ्यावं लागलं. तोवर आठवडी बाजारांत साड्यांचं दुकान नवरा संगमेश्वर लावायचा आणि ती घरी मशीनवर फॉल-पिको करायची. एका सकाळी संगमेश्वर दात घासता घासता मोरीतच कोसळला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. बाजार सोडून भागणार नव्हतं. तिनं दिराकडून, वीरेशकडून, गाडी शिकून घेतली. नवऱ्याला एकट्याला घरी ठेवायचं कसं, म्हणून शेजारच्या सीटवर त्यालाही बसवून न्यायला लागली.

गाडी म्हणजे त्यानंच पूर्वी लातूरहून आणलेली सेकंडहँड व्हॅन. इंजिन खणखणीत, पण टेप पार मेलेला. आत एक कॅसेट कायमची अडकलेली आणि रेडिओ लावला की नुसती खरखर. गंगासागर बोलकी बाई. दिंद्रुडच्या बाजाराला पोचेपर्यंत ती एकटीच बोलत राहायची, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणतं लुगडं खपलं. तो खिडकीबाहेर बघत बसायचा. कधी काही सांगायला जायचा, तोंडातून नुसताच आवाज निघायचा, आणि मग तो चिडून डाव्या हातानं डॅशबोर्डावर थाप मारायचा. लोक तर त्याच्या तोंडावरच म्हणायचे, "याला काय कळतंय आता?" ते तिच्या काळजाला लागायचं.

आजारपणाआधी महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळात संगमेश्वरचा मृदंग असायचा आणि पहाडी आवाजही. श्रावणातल्या एका सोमवारचं भजन गंगासागरच्या मोबाइलमध्ये होतं. एकदा तिनं ते त्याच्या कानाशी लावलं. त्यानं जरा वेळ ऐकलं आणि मोबाइल हातानं दूर लोटला. तिला वाईट वाटलं. नंतर तिनं स्वतः नीट ऐकलं, तेव्हा ध्यानात आलं, त्या चिमुकल्या मोबाइलमधून मृदंग ऐकूच येत नव्हता. नुसती टिकटिक.

दुसऱ्या दिवशी तिनं वीरेशला सांगितलं, "गाडीला नवा टेप बसवायचाय. चांगला."

"वैनी, कावून? गाडीच म्हातारी झालीय. आन् अण्णाला काय समजतंय त्यातलं?"

"त्यांना समजतंय का न्हाई ते मी बघीन," ती म्हणाली आणि व्हॅन थेट बसस्टँडामागं बंकटच्या दुकानापुढं नेऊन उभी केली.

बंकट गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवायचा. दुकानात ढोलाएवढे बासचे डबे मांडलेले. त्यानं आधी असाच एक डबा दाखवला. "हे घ्या. गाडी हादरती निस्ती."

"गाडी हादरवून काय करू? मागं माझ्या साड्यांचे गठ्ठे असत्यात. मला माणसाचा आवाज साफ यायला पायजे, आन् मृदंग मृदंगासारखा वाजला पायजे."

बंकट हसला, पण कामाला लागला. जुना टेप उचकटून काढला, मोबाइलला जोडता येणारा नवा बसवला, दोन्ही पुढच्या दारांत फाटके स्पीकर काढून नवे घातले. संगमेश्वर सीटवरून उतरायलाच तयार नव्हता. त्याच्या मांडीवरून वायरी ओढाव्या लागल्या.

जोडणी झाली. गंगासागरनं श्रावणातलं भजन लावलं. आवाज मोठा होता, पण कसा तरी पोकळ, जणू हौदात तोंड घालून कोणी गातंय. मृदंगाचा घुमारा कुठंच नाही. संगमेश्वरनं जोरात मान हलवली आणि दारावर थाप मारली.

"आप्पाला जास्त आवाज सोसंना वाटतं," बंकट म्हणाला आणि आवाज कमी केला. पुन्हा थाप. बंकटनं बास वाढवून पाहिला. काही फरक नाही. "म्हणून म्हनत हुतो, तो डबा घ्या."

संगमेश्वरचा चेहरा लाल झाला. त्यानं डावा तळहात वर धरला आणि उलटा केला. मग सुलटा. पुन्हा उलटा. दाराकडं बोट, आणि परत तेच.

गंगासागर बघत राहिली. देवळात सप्ता असला की स्पीकर जोडायचं काम त्याच्याकडंच असायचं. आवाज असा पोकळ आला की तो शिडीवर चढून वायरीची टोकं अदलाबदल करायचा, हे खालून तिनंच कितीदा पाहिलेलं.

"बंकटभाऊ, एका दाराच्या वायरी उलट्या लागल्यात का बगा."

"लाल-काळी नीटच लावलीय की वो."

"तरी बगा. ते सांगायलेत."

बंकटनं कुरकुरत दाराचा पत्रा पुन्हा उघडला. जुन्या वायरीचा रंग कुणीतरी मधेच बदलून जोड मारलेला होता. त्यानं टोकं फिरवली. भजन पुन्हा लागलं, आणि मृदंग असा घुमला की गंगासागरच्या पायांखाली व्हॅनचा पत्रा थरारला.

"आयला, आप्पा!" बंकट ओरडला. "तुमी तर मला धडा दिला!"

संगमेश्वर हसत होता. आजारपणानंतर असं, दात दाखवून, तो पहिल्यांदाच हसला. डावा हात मांडीवर ताल धरून होता आणि एकही ठेका चुकत नव्हता. गंगासागर गाडीच्या मागं गेली आणि गठ्ठ्याची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधत राहिली.

दिंद्रुडच्या रस्त्यावर भजन चालूच होतं. धृपदावर मंडळातले सगळे मिळून गायले, तेव्हा शेजारून एक घोगरा आवाज मिसळला. "शंभो... हरा." स्पष्ट.

तिनं व्हॅन बाजूला घेतली. "अहो! म्हणा की पुन्हा!"

त्यानं जीव खाऊन प्रयत्न केला. नुसता घोगरा आवाज निघाला. डोळे भरले. मग तिनं भजन मागं नेऊन पुन्हा लावलं. धृपद आलं, आणि शब्दही आले.

दवाखान्यात बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाई ऐकून खूश झाल्या. काहींचं बोलणं जातं, पण गाणं राहतं, त्या म्हणाल्या, गाण्याच्या वाटेनंच चला. तेव्हापासून रोजचे शब्द भजनाच्या चालीवर घोटायचे ठरलं. "पाणी" आधी आलं, मग "चहा". वीरेशचं नाव आलं त्या दिवशी वीरेश जाताना भावाच्या पायांना हात लावून गेला. सगळं आलं असं नाही. रागाच्या भरात अजूनही शब्द फुटत नाही, आणि उजवा हात तसाच आहे.

परवा दिंद्रुडच्या बाजारात गंगासागर एका बाईला काठ दाखवत होती. पालाच्या दुसऱ्या टोकाला दोन पोरी साड्यांकडं बघत घुटमळत होत्या. खुर्चीवरून संगमेश्वरनं डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला आणि लांब ओढून गायला, "या... बसा..."

पोरी हसल्या आणि चपला काढून आत आल्या. गंगासागरनं वळून पाहिलं नाही. हातातली साडी तिनं पुरती उलगडली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुमचं चालू द्या. तिकडचं आमचे हे बघत्यात."