पहिल्या फेरीचा मान

गेल्या वर्षी आमच्या गावच्या जत्रेत माझी चुलत बहीण रोलर कोस्टरवरून पडून गेली. तिसऱ्या दिवशी जत्रा समितीची अकरा शहाणी माणसं एका कागदाभोवती बसली आणि चूक तिचीच होती असं ठरवायला लागली. त्या अकरांत मीही होतो. हे मी दुःखाने लिहितोय असं कुणी समजू नये. मला राग येतो. त्या दहा जणांचा येतो आणि स्वतःचा त्याहून जास्त येतो.

माझं काम सांगतो, म्हणजे राग कळेल. मी पेणला रामवाडीत राहतो आणि डोलवीला एका कंत्राटदाराकडे सेफ्टीला आहे. उंचावर चढणाऱ्या माणसाचा पट्टा, हुक, शिडी बघायची आणि नीट नसेल तर त्याला खाली उतरवायचं, एवढंच काम. लोक शिव्या घालतात. एकदा माझ्या सख्ख्या मेहुण्याला मी अर्ध्या शिडीवरून खाली ओढलं होतं, दोन महिने बोलत नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. हुक लागला नसेल तर माझ्या तोंडातून 'नाही' आपोआप निघतं, असा माझा समज होता.

गाव आमचं रोह्याच्या अलीकडे. चैत्रात देवीची जत्रा असते. पूर्वी लाकडी पाळणे यायचे, गेल्या वर्षी समितीने हौसेने छोटं रोलर कोस्टर आणवलं. पुढे ड्रॅगनचं तोंड, मागे दोन-दोन माणसांचे डबे, विजेवर चालणारं. परवानगीच्या अर्जाला तपासणीचा कागद लागत होता. अध्यक्ष मला म्हणाले, "तू कंपनीत सेफ्टीला हायस ना? मग बाहेरचा मानूस कशाला? तूच बघ नि सही कर." मला बरं वाटलं. गावात आपल्या कामाला पहिल्यांदा कुणीतरी किंमत दिली असं वाटलं.

भर दुपारी दोन तास मी ते यंत्र तपासलं. खोटं सांगत नाही, नीट तपासलं. नटबोल्ट, चाकं, रूळ, वायरी, आणि प्रत्येक डब्यात मांडीवर ओढायचा लोखंडी दांडा. दांडा ओढला की दोनदा 'कट' वाजायचं आणि दुसऱ्या आवाजाला कुलूप लागायचं. सगळ्या डब्यांत दोनदा वाजलं. 'तपासले, योग्य आहे' असं लिहून मी खाली झोकात सही केली.

डबे तेव्हा रिकामे होते.

आमच्याकडे पाळण्याची पहिली फेरी माहेरवाशिणींची असते. जत्रेला गावच्या लेकी येतात, देवळात त्यांच्या ओट्या भरतात आणि तशाच त्या पाळण्यात बसतात. नारळ, तांदूळ, खण, हळकुंड, सगळं पदरात. ओटी घेतली की घरच्या देवापुढे नेईपर्यंत ती खाली ठेवायची नाही आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. लाकडी पाळण्यात यामुळे कधी काही बिघडलं नाही. तो माणसांनी हाताने फिरवायचा पाळणा, त्याला दांडाही नव्हता आणि वेगही नव्हता.

ऊन उतरल्यावर बारा-चौदा जणी येऊन बसल्या. माझी बहीण तिसऱ्या डब्यात एकटीच होती. मला बघून ओरडली, "दादा, तू पन ये की! भ्यालास काय?" तिची ओटी काकूने, म्हणजे तिच्या आईने भरली होती, आणि चांगली घसघशीत भरली होती. यंत्राचा मालक एकेक दांडा ओढत आला. तिच्या डब्यापाशी एकदाच 'कट' वाजलं. मांडीवर नारळ, दांडा खाली जाणार कसा? त्याने पुन्हा जोर लावला. मग तिला म्हणाला, "दीदी, ये सामान नीचे रख दो." झालं, चार बायका आणि समितीतले दोघे त्याच्या अंगावरच धावून गेले. ओटीला सामान म्हणतो! आमच्यात ओटी खाली ठेवत नाहीत, तुला काय कळतं!

तो माणूस माझ्याकडे वळला. सही माझी होती ना. म्हणाला, "साहब, लॉक नहीं हुआ."

मी ते बघत होतो. एकच आवाज आला होता, मी कानांनी ऐकला होता. रोज कंपनीत ज्या शब्दासाठी मला पगार मिळतो तो शब्द तेव्हा माझ्या तोंडातून निघाला नाही. समोर सगळा गाव, लेकींच्या पदरात देवीचा प्रसाद, आणि मी काय म्हणालो? "धीरे चलाना." शहाणपण बघा माझं. कुलूप न लागलेला दांडा हळू चालवला म्हणून धरून ठेवतो काय?

त्याने हळूच सुरू केलं. पहिली चक्कर बरी गेली. दुसऱ्या चकरेला उताराच्या वळणावर तिच्या पदरातला नारळ निसटला. तिने दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी ओटी सावरली. दांडा वर उघडला आणि ती बाहेर फेकली गेली, खालच्या लोखंडी टेकूवर. गाडीत घालून रोह्याला निघालो. रोह्यात शिरतानाचा अष्टमीचा पूल येईपर्यंत ती माझ्या मांडीवर होती, आणि पुलावर तिचा श्वास थांबला.

पोलिसांनी मालकाला त्याच संध्याकाळी नेलं. सगळ्या गर्दीत ज्या एका माणसाने ती ओटी खाली ठेवायला सांगितली, तोच आत गेला. गावाला ते योग्यच वाटलं.

आणि तिसऱ्या दिवशी समाजमंदिरात तो कागद आला, टाईप करून. 'सदर महिला चालू डब्यात स्वतःहून उभी राहिल्याने तोल जाऊन पडली. यंत्र तपासलेले व सुस्थितीत होते.' मी वाचून म्हणालो, "ती उभी राहिली नव्हती." अध्यक्ष म्हणाले, "यंत्र चांगलं होतं का नाय? तुझीच सही हाय." मी म्हटलं, दांडा लागला नव्हता. ते म्हणाले, "का नाय लागला? ओटी होती म्हनून. आता हे जाऊन काकूला सांग. तुझ्या हातच्या ओटीनं पोर गेली म्हनून सांग. जमंल तुला?" कुणीतरी देवीची मर्जी म्हणालं. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी जत्रेला परवानगी मिळायची नाही. दहा सह्या झाल्या. पेन माझ्यापुढे आलं तेव्हा मी ते भिंतीवर फेकून मारलं आणि बाहेर पडलो. तेवढाच काय तो माझा पराक्रम, तोही तीन दिवस उशिरा.

काकूकडे गेलो. ती मागच्या दारात एकटीच बसली होती. मी सगळं सांगितलं. कागद, दांडा, एकदाच वाजलेला आवाज, माझं ते 'धीरे चलाना'. ओटीचंही सांगितलं. ती मला हाकलून देईल असं वाटत होतं, दिलं असतं तर बरं झालं असतं.

तिने मला जवळ बसवलं. मग म्हणाली, "मला ठावं हाय पोरा. ती बसायच्या आदी मला म्हनाली व्हती, आई, जरा धर, फेरी मारून येते. मीच म्हटलं, ओटी अशी कुनाच्या हातात देत नाय गो." तिने पदराने तोंड पुसलं. "तू जा नि खरं काय ते लिव. माझं नाव पन लिव. मीच नको म्हटलं, असं लिव."

दहा बाप्यांनी एका मेलेल्या बाईच्या माथी सगळं मारून हात झटकले होते, आणि ही माउली आपलं नाव लिहायला सांगत होती. मला त्या समाजमंदिराला आग लावावीशी वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन मी जबाब दिला. हवालदार एकेक वाक्य लिहून घेत होता. दांडा लागला नाही, लिहिलं. यंत्राच्या मालकाने सांगितलं होतं, तेही लिहिलं. मग त्याने विचारलं, "तरी तिला ओटी खाली ठेवू दिली नाही. कुणी?"

मी म्हटलं, "गावाने."

"असं लिहिता येत नाही. नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं.