कचेरीच्या दारातल्या चपला

परवा शेजारच्या सखूबाईंसोबत तहसील कचेरीत गेले होते. धरणात त्यांचं शेत बुडाल्याला वर्षं लोटली, पण बदली जमीन काही मिळाली नाही बाई. दारापाशी येताच त्यांनी देवळात जावं तशा चपला काढल्या. गोऱ्या साहेबाच्या काळात त्यांचे वडील अशाच काढायचे म्हणे.

मी म्हटलं, “अहो, घाला त्या! आता आपलंच राज्य आहे ना?”

“आपलं असतं तर कुणी बस तरी म्हणालं असतं, माई.”

दुपारपर्यंत आम्ही उभ्याच. मग शिपाई म्हणाला, “साहेब दौऱ्यावर गेले. सोमवारी या.”

मी चिडले, सखूबाईंनी मात्र त्याला वाकून नमस्कार केला. चिडायलासुद्धा हे घर आपलं आहे, असं आधी वाटावं लागतं.