निर्मलनंतरचं पाणी

दौलतभाऊजी गेल्याचं मला त्यांच्या बेला गावाहून आलेल्या एका मोटरसायकलवाल्यानं सांगितलं. मी तेव्हा नाल्यातल्या खुणेच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचत होतो. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं माझं तेच काम आहे. मी आकडा लिहिला, वेळ लिहिली, वही पिशवीत ठेवली आणि गाडीवर मागे बसलो. वाचणाऱ्याला हे कोरडं वाटेल, पण भाऊजींना त्याचं नवल वाटलं नसतं. ते नेहमी म्हणायचे, "वसंताच्या घराले आग लागली तं हा आधी टाइम लिहीन, मंग बादली शोधन."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. घरी कापूस आणि ज्वारी. आमच्या भागात ज्यांच्या दारात बैल नाहीत ती घरं पोळ्याला मातीचे बैल पुजतात आणि दुसऱ्या दिवशी नाल्यात सोडतात. बेल्यातल्या बऱ्याच घरांचे बैल भाऊजीच करत. त्यांचा बैल म्हणजे खेळणं नसे. गावातल्या कोणाच्या गोठ्यातला खरा बैल पाहून त्यांनी तो घडवला आहे, हे लोक वशिंडावरून ओळखत. माती मात्र ते कधी भाजत नसत. "भाजलेला बैल पाण्यात इरघळत नाही. मंग त्याले सोडाचं कसं?" हा त्यांचा साधा हिशेब. शिवाय भेग पडलेला बैल पुजायचा नाही, म्हणून पूजेपर्यंत प्रत्येक बैलावर ओलं गोणपाट असायचंच.

यातून एक अडचण व्हायची. दर वर्षीचं सगळं काम एका सकाळी नाल्यात जायचं. एकदा मीच त्यांच्या बैलांचे फोटो काढून हैदराबादच्या एका कलाप्रदर्शनाला पाठवले. फोटोवरून ठरवता येत नाही, भाजलेली मूर्ती पाठवा, असं उत्तर आलं. मला राग आला, भाऊजींना आला नाही. "बरोबरच हाय त्यायचं. फोटोत एकाच बाजूचा बैल दिसते. तू बाजारात गेला तं बैलाभवती चक्कर मारल्याबिगर घेशीन काय?" असं ते म्हणाले खरे, पण ते पत्र त्यांनी टाकून दिलं नाही. पंचांगात घालून ठेवलं.

अठ्ठ्याऐंशी साली आदिलाबादच्या कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका खोलीत एक काच टांगली होती आणि तिच्यावर वरून दिव्याचा झोत सोडला होता. काचेच्या आत एक नळाची तोटी दिसत होती. चित्र नव्हे. डावीकडे सरकलं की तोटीची डावी बाजू दिसायची, उजवीकडे सरकलं की उजवी. याला हॉलोग्राम म्हणतात, लेझरच्या उजेडानं काचेवर वस्तूची अशी नोंद घेता येते, असं तिथल्या व्याख्यात्यांनी सांगितलं. भाऊजींनी काचेमागे हात घालून पाहिला. हाताला काही लागलं नाही. मग ते बाजारात बैलापुढे करतात तसे त्या काचेपुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडले... तीन वेळा.

"वसंता, हे पाह्यणाऱ्याले हिंडवते," ते म्हणाले. "उद्या मूर्तीवाल्याले मूर्ती नेऊन दाखवा लागनार नाही. मूर्ती पाण्यात गेली तरी काच राहीन. एक काच इथं, एक हैदराबादले. बैल पाण्यात सोडताबी येईन, अन् घरी ठेवाबी लागनार नाही." इतकं सलग बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं.

व्याख्यात्यांनी ओळख काढून हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत विचारलं. तिथल्या बाईंनी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात या म्हणून कळवलं. अट एकच होती, वस्तू अजिबात हलता कामा नये. आम्ही त्याचा अर्थ आमच्या परीनं लावला. वीतभर उंचीचा बैल लाकडी पेटीत गवतावर बसवला, वर ओलं गोणपाट घातलं आणि सकाळच्या बसनं निघालो. पेटी भाऊजींच्या मांडीवर आणि पाण्याची बाटली माझ्याकडे. "निर्मलपर्यंत पाणी मार. मंग बंद. थोडा कडक होऊ दे त्याले," असं त्यांनी बजावलं होतं. घाट उतरून वाटेतलं निर्मल गाव मागे टाकलं तेव्हा ऊन तापलं होतं. भाऊजींचा डोळा लागला होता. बैलाच्या मानेजवळ मला केसाएवढी रेघ दिसली, किंवा दिसल्यासारखी वाटली. मी पाणी मारलं. मग आर्मूरला मारलं. हैदराबाद येईपर्यंत मी सात वेळा पाणी मारलं. सवयीप्रमाणे प्रत्येक वेळ वहीत लिहिली.

प्रयोगशाळेतलं टेबल हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवलं होतं, म्हणजे रस्त्यावरच्या लॉरीचा धक्कासुद्धा लागू नये. बैल पाटावर ठेवला, शेजारी भाऊजींनी घरून आणलेली पितळी घंटी ठेवली, मागे पांढरा पुठ्ठा लावला. आम्हाला बाहेर बसवलं आणि बोलूही नका म्हणून सांगितलं. तासाभरानं बाईंनी काच दिव्याखाली धरली. पाट दिसत होता. घंटी इतकी स्पष्ट की वाजवावीशी वाटावी. आणि पाटाच्या मध्ये, जिथे बैल हवा होता तिथे, बैलाच्या आकाराचा काळोख होता.

"आपका बैल हिल गया," बाई म्हणाल्या.

"मातीचा बैल हिलते काय, बाई?" भाऊजींनी मराठीतच विचारलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. ओली माती वाळताना आकसते. डोळ्याला दिसत नाही, पण केसाच्या जाडीचा शंभरावा भाग जरी सरकला तरी ती वस्तू काचेत उमटत नाही, तिची जागा काळी राहते. मग त्यांनी विचारलं, "पानी कब तक डाला था?"

"निर्मल तक," भाऊजी म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

वही माझ्या खिशात होती, ती मी बाहेर काढली नाही.

महिनाभर वाळवलेला बैल घेऊन पुन्हा या, असं बाईंनी सांगितलं. आम्ही गेलो नाही. तो बैल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीच्यांबरोबर नाल्यात गेला. पुढे दर वर्षी मी विषय काढायचो. भाऊजी म्हणायचे, "पाहू." पूजा नसताना नुसता दाखवायला बैल करायचा, हे त्यांच्या हाताला जमत नसावं. मी मात्र दर "पाहू" माझ्या खात्यावर लावत आलो. एका माणसाला आपलं काम टिकवायची एकच संधी मिळाली होती आणि ती मी माझ्या काळजीपोटी बाटलीभर पाण्यात घालवली, हे मला स्पष्ट माहीत होतं.

बाईंनी देऊन टाकलेली ती काच भाऊजींनी पुढच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली. चारच्या सुमारास ऊन नेमकं तिच्यावर येई. लोक यायचे, हिंडून पाहायचे आणि चेष्टा करायचे. "दौलतराव, बैल चोरीले गेला काय? घंटी तं सोडून गेला!" भाऊजी म्हणायचे, "वशिंड पाह्य ना बे. डावीकून पाह्य. कोनाचं हाय सांग." आणि खरंच, त्या काळोखाची कड पांढऱ्या पुठ्ठ्यावर इतकी नेमकी होती की जुनी माणसं डावीकडे सरकून बैलाच्या मालकाचं नाव सांगायची.

शेवटची भेट संक्रांतीनंतरची. भाऊजी खाटेवर होते, आवाज बारीक झाला होता. इतक्या वर्षांनी मी ते बोललो. "भाऊजी, त्या दिवशी निर्मलनंतर म्या पाणी मारलं होतं. सात येळा. बाईनं इचारलं तवा बोललो नाही."

त्यांनी पांघरूण सारखं केलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही...

"आठ," ते म्हणाले.

"नाही भाऊजी, सातच. लिहून हाय माझ्यापाशी."

"हैदराबादच्या अलीकडं, मेडचलले तू चहा प्याले उतरला होता. तवा म्या मारलं." मग म्हणाले, "भेग पडली असती तं? पुजाचा होता तो."

"मंग इतके दिवस काऊन नाही सांगितलं?"

"तू कुठं सांगितलं?" असं म्हणून ते हसले. आतून खोकला आला तशी आक्का पाणी घेऊन आली आणि आम्हा दोघांवर ओरडली.

घरी येऊन मी जुनी वही काढली. त्या तारखेखाली मेडचलची ओळ वाढवली. वेळ मला माहीत नव्हती, ती जागा रिकामी ठेवली. माझ्या वह्यांमध्ये तशी तेवढी एकच जागा आहे.

परवा बेल्याला गेलो होतो. चार वाजता ऊन काचेवर आलं, पाट आणि घंटी दिसू लागली. आक्का पदर खोचून खोली पुसत होती. शेजारी पाण्याची बादली होती, तिनं खिडकीचे गज ओल्या फडक्यानं पुसून काढले. काचेसाठी मात्र दुसरा फडका घेतला, कोरडा.