बुसानच्या मासळी बाजारात

नोकरीसाठी दक्षिण कोरियातल्या बुसानला आल्यापासून दर शनिवारी मी हे शहर पायी हिंडतो. मागे एकदा ऑफिसात नवा आलेला नाशिकचा प्रशांतही सोबत आला. मासळी बाजारात त्याने एका मासे विकणाऱ्या आजीला खुणेने टबातला जिवंत ऑक्टोपस वर धरायला लावला. फोटो मनासारखा येईना, म्हणून पुन्हा, मग आणखी एकदा. गार पाण्याने तिची बोटं लाल झाली होती, तरी ती हसत धरत राहिली.

फोटो मिळाल्यावर प्रशांतने तिच्यासमोरच नाक दाबलं.

"शी! काय घाण वास मारतोय हिच्या अंगाला!"

"अरे, हळू बोल."

"तिला कुठे मराठी कळतंय?"

दाबलेलं नाक कुठल्याही भाषेत कळतं. आजीचं हसू मावळलं. मान वळवून तिने हळूच स्वतःची बाही हुंगून पाहिली.

त्या बाजारात मला शिसारी आली ती एकाच माणसाची, आणि त्याने छान अत्तर लावलं होतं. एरवी परमुलखात मराठी कानावर पडली की जीव सुखावतो. त्या दिवशी ती ऐकवेना.

"आता कुठे जायचं?" त्याने विचारलं.

"तू जा," मी म्हणालो.