तानीच्या खणातले कप्पे

वडपे गावातल्या गोदामात तानी बारा वर्षं पॅकिंगला आहे. तिथला नियम साधा: भरलेला खोका कानाशी धरून हलवायचा, आत खुडखुड झाली की पॅकिंग कच्चं.

घरी भंगारातून आणलेल्या टेबलाच्या खणात नुसता पसारा झाला, तेव्हा तिने गोदामातून फाटक्या खोक्यांचे पुठ्ठे मागून आणले. पट्ट्या कापल्या, खाचा पाडून एकमेकींत अडकवल्या आणि सुट्टीचा अख्खा दिवस घालवून कात्रीला, चष्म्याला, गोळ्यांच्या पाकिटांनाही मापाचा कप्पा केला. मग सगळं जागच्या जागी दाबून बसवलं, खण ओढून काढला, कानाशी धरला आणि हलवला. जराही आवाज नाही. तानी खूश.

संध्याकाळी तिचा नवरा जान्या चष्मा घ्यायला गेला, तर कप्प्यात बोटच शिरेना. नखाने उचकून पाहिलं, शेवटी वैतागून त्याने खण उपडा केला. एकही वस्तू खाली पडली नाही.

"ठेवलंस झकास, पन काढायचं कसं?" तो खेकसला.

भाकरी थापता थापता तानीनेही आवाज चढवला, "मला काय ठाव? बारा वर्सं खोके भरतेच हाय मी. एक तरी उघडाया गावलाय का मला?"