सोमवारचा बांगडा

अन्याय झाला तो महिला वॉर्डातल्या सिस्टरवर. यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची पाळी संपता संपता, इस्पितळाने तिला कायमचं घरी बसवलं. हे आधीच सांगते, कारण पुढे मी तिच्याबद्दल फारसं गोड लिहिणार नाही. तिचा मला हेवा वाटतो. अजून.

नाकातल्या नळीला काचेची पिचकारी लावून ती हात उंच धरायची आणि बेशुद्ध बाईला विचारायची, "पेज आणलीय हां काकी. तोंडी लावायला काय देऊ? बांगडा?" उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायची आणि पातळ पेज हळूहळू सोडायची. तुमच्यापैकी ज्यांचं कोणी त्या वॉर्डात होतं, त्यांनी हे पाहिलंय.

माझी आई तिथे होती. भाट्याच्या खाडीत खडकावरची कालवं काढताना शिंपल्याने तिचा पाय कापला. हळद दाबून तशीच हिंडली आणि बघता बघता विष रक्तात पसरलं. आधी ताप, मग बडबड, मग तीही बंद. सलाईन आणि इंजेक्शनं सुरू झाली. राउंडला डॉक्टर म्हणाले, "नळीवरच्या कोणाचंच आतडं उपाशी ठेवू नका. नळीतून पेज द्या, मध्ये मध्ये ताजं ताक, गाळून. पोटात चांगले जंतूही असतात, औषधांनी तेही मरतात. ताकाने कदाचित सावरतील." मी खाटेच्या पायथ्याशीच उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं.

आईशी मीही बोलायचे. म्हणजे वाचून दाखवायचे. गावच्या गळक्या पाण्याच्या टाकीबद्दल आमच्या मोर्चेवाल्या गटाने काढलेलं सायक्लोस्टाइल पत्रक, मोठ्याने. पेज गाळता गाळता सिस्टर म्हणायची, "गो बाय, आजारी माणसाला मोर्च्याला नेतेस काय?" सगळा वॉर्ड हसायचा. ह्याच बायका माझ्या सभेला बोलावूनही येत नव्हत्या.

एके दिवशी तिने नेहमीसारखा बांगडा विचारला आणि आईचे ओठ हलले. मी वाकले. घोगरा आवाज आला, "सोमवारी बांगडा?"

सिस्टरने कपाळावर हात मारून घेतला. "चुकलं हो काकी! वार ध्यानात नाय राहिला. कुळथाची पिठी चालेल?"

आईने पापण्यांनीच हो म्हटलं. हात मी धरून बसले होते आणि पहिला शब्द गेला सिस्टरला.

पुढे मी आईला विचारलं, "माझं काहीच ऐकू येत नव्हतं का गं?"

"येत होतं तर! टाकीचं सगळं ऐकलं. म्हणून तर डोळे उघडत नव्हते."

ताकाने आई वाचली असं मी म्हणत नाही. इंजेक्शनं होती, जखम रोज धुतली जात होती. पण तिला उपाशी ठेवलं नाही, हेही खरं.

मग शेजारच्या खाटेवरची म्हातारी गेली. तिचा मुलगा मुंबईहून पोचला, तेव्हा खाटेशी ताकाचं भांडं होतं. त्याने वास घेतला. "आंबलेलं घातलंत नाकात? म्हणून मेली माझी आई!" तो दुःखात होता, त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग डॉक्टरांवर आहे. व्यवस्थापक वॉर्डात आले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मी फक्त पेज सांगितली होती. ताक हिच्या डोक्यातलं."

"डॉक्टर, तुम्हीच ना सांगितलंत..." सिस्टर म्हणाली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी ओरडले, तर मलाच वॉर्डाबाहेर काढलं.

नोकरी गेली तशी सिस्टर मंडणगडच्या एसटीने माहेरी गेली. निघताना आईच्या उशाशी येऊन म्हणाली, "काकी, घरी गेलात की बांगडा खा हां, खराखुरा. वार बघून." आई रडली. टाकीच्या मोर्च्यातून पोलिसांनी मला गाडीत घालून नेलं, त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.

आता तिथे दुसरी नर्स पिचकारी धरते. हात तेवढाच उंच. बोलत मात्र नाही.

आई घरी आहे. माझ्या हातची पेज चमच्याने ढवळते, बाजूला सारते आणि म्हणते, "तिच्यावर लिही. टाकी काय, गळतेच आहे."

लिहिलं. आता तुमचं काम. डॉक्टर ताक सांगत होते, तेव्हा आपापल्या माणसाच्या खाटेशी तुम्हीही उभे होतात. येत्या सोमवारी राउंडच्या वेळी वॉर्डाच्या दारात या, आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारा: ताक कोणी सांगितलं होतं?